स्टेडियमच्या नावाची डील झाली अशी बातमी आली की ती वाचायची कशी

अमुक क्लबच्या स्टेडियमला तमुक कंपनीचं नाव, इतकी वर्षं, इतके कोटी पाउंड. बातमी कायम याच साच्यात येते आणि खाली कमेंटमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते झालं, परंपरा विकली, दुसरी म्हणते गप बसा, त्या पैशात एक बरा स्ट्रायकर येईल. दोन्ही पार्ट्या भांडतात ते हेडलाइनमधल्या आकड्यावरून, आणि अख्ख्या बातमीत सगळ्यात कमी भरवशाचा असतो तो नेमका आकडाच. म्हणून माझं म्हणणं असं की आकडा शेवटी बघा. त्याच्या आधी चारपाच गोष्टी तपासल्या की डील क्लबच्या फायद्याची आहे की नुसतीच पाटी बदलतेय हे बरंचसं कळतं, आणि त्यासाठी काही फायनान्सची डिग्री लागत नाही.

आधी बघा, विकतंय कोण

स्टेडियम क्लबचंच असतं असं आपण धरून चालतो. तसं नसतं. मँचेस्टर सिटी ज्या मैदानावर खेळते ते २००२ च्या कॉमनवेल्थ गेम्ससाठी बांधलेलं, मालकी मँचेस्टर सिटी कौन्सिलची, क्लब २००३ पासून भाडेकरू. मग २०११ ला एतिहाद या विमान कंपनीचं नाव लावायचं तर त्याआधी क्लबला कौन्सिलबरोबरचा भाडेकरार बदलून घ्यावा लागला, तेव्हा कुठे नाव विकायचा हक्क हातात आला. योकोहामात तर आणखी वेगळं, २००२ च्या वर्ल्ड कपची फायनल जिथे झाली ते स्टेडियम शहराचं, २००५ मध्ये निसाननं नाव घेतलं ते शहराकडून, म्हणजे पैसे शहराच्या तिजोरीत. त्यामुळे 'क्लबला इतके मिळाले' असं वाचलंत की पहिला प्रश्न हाच, की क्लबला मिळाले की मालकाला, आणि मालक वेगळा असेल तर क्लबचा वाटा किती.

मधे दलालही असू शकतो. युव्हेंटसनं २०११ ला नवं स्टेडियम उघडलं, पण नावाचा हक्क त्याच्या आधीच स्पोर्टफाइव्ह या मार्केटिंग कंपनीला साडेसात कोटी युरोंना १२ वर्षांसाठी देऊन टाकला होता. क्लबला बांधकामाच्या वेळी खात्रीचे पैसे मिळाले, गिऱ्हाईक शोधायची डोकेदुखी त्या कंपनीची. गिऱ्हाईक सापडलं २०१७ ला, आलियान्झ ही विमा कंपनी. तोपर्यंत सहा वर्षं ते साधं युव्हेंटस स्टेडियम होतं. आता २०१७ ची बातमी वाचून कोणी म्हणालं की आलियान्झमुळे युव्हेंटसला एवढे पैसे आले, तर त्याला सांगा की मोठा भाग आधीच येऊन सिमेंटमध्ये गेलाय.

आणि काही वेळा जे विकलं जातं ते नाव नसतंच, नुसता 'आधी आम्हाला विचारा' एवढा हक्क असतो. एव्हर्टननं जानेवारी २०२० मध्ये यूएसएम या रशियन कंपनीकडून ३ कोटी पाउंड घेतले ते नव्या स्टेडियमच्या नावासाठी नव्हे, नाव घ्यायच्या पर्यायासाठी. स्टेडियम तेव्हा बांधायलाही घेतलं नव्हतं! फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर निर्बंध आले आणि मार्चमध्ये क्लबनं यूएसएमबरोबरचं सगळं थांबवलं. स्टेडियम शेवटी २०२५ ला तयार झालं तेव्हा नाव लागलं हिल डिकिन्सन या लिव्हरपूलच्याच लॉ फर्मचं. ३ कोटी घेतले तेव्हा चाहत्यांनी जी भांडणं केली असतील ती सगळी फुकट गेली.

मग आकडा हातात घ्या आणि त्याचे तुकडे करा

इथे जरा वेळ द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. हेडलाइनमधला आकडा जवळपास कधीच नुसत्या नावाचा नसतो. आर्सनलचं उदाहरण घ्या, २००४ ला एमिरेट्स या विमान कंपनीबरोबर १० कोटी पाउंडची डील झाली, स्टेडियम २००६ ला उघडलं. लोक काय करतात, १० कोटी भागिले १५ वर्षं, म्हणजे वर्षाला ६६-६७ लाख, वा! पण त्या १० कोटींत ८ सीझनचं शर्टावरचं नावही होतं. आता समजा, फक्त हिशोबासाठी समजा, की निम्मे पैसे शर्टाचे. मग नावाचे उरले ५ कोटी, १५ वर्षांत वाटले तर वर्षाला ३३ लाखांच्या आसपास. एका झटक्यात निम्मं. वर त्यातले बरेच पैसे सुरुवातीलाच मिळाले असतील तर आज हातात आलेल्या पाउंडाची किंमत दहा वर्षांनी येणाऱ्या पाउंडापेक्षा जास्त, हे क्लबच्या बाजूनं धरायला हवं, कारण आर्सनलला तेव्हा स्टेडियम बांधायला रोकड हवी होती. पुढे २०१२ ला पुन्हा १५ कोटींची डील आली, त्यातही शर्ट २०१९ पर्यंत आणि स्टेडियमचं नाव थेट २०२८ पर्यंत, म्हणजे परत तेच गाठोडं. एकदा असं दीर्घ मुदतीचं नाव स्वस्तात बांधून बसलं की मधे बाजारभाव चढला तरी क्लबला बघत बसावं लागतं.

दुसरा तुकडा, पैसा आहे की कर्ज? मेक्सिको सिटीचं आस्तेका, १९६६ पासूनचं, पेले आणि मॅराडोना दोघंही वर्ल्ड कप जिंकले ते स्टेडियम, मार्च २०२५ मध्ये त्याला बानोर्ते या बँकेचं नाव लागलं. बातमीत २१० कोटी पेसो असा आकडा फिरत होता आणि बऱ्याच जणांनी तो नावाचा भाव म्हणून शेअर केला. ते बँकेनं नूतनीकरणासाठी १२ वर्षांसाठी दिलेलं कर्ज आहे, म्हणजे परत करायचं आहे. नाव त्याच्याबरोबर गेलं. कर्जाबरोबर नाव देणं हे वाईटच असं नाही, पण मग विचारायचं ते व्याजाचं, आकड्याचं नाही.

तिसरा तुकडा, हिस्सा. आलियान्झनं २०१४ ला बायर्न म्युनिकमध्ये ८.३३ टक्के हिस्सा घेतला, ११ कोटी युरोंना, त्यातून स्टेडियमचं २५ वर्षांत फेडायचं कर्ज साडेनऊ वर्षांत संपलं. इथे शेअरचा पैसा वेगळा आणि नावाचा वेगळा. पण स्पॉन्सर हाच मालकांपैकी एक झाला की पुढच्या वेळी नावाचा भाव ठरवताना टेबलाच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे चेहरे असतात, हे लक्षात ठेवा.

आणि हे ओळखीचे चेहरे प्रकरण कधीकधी फार पुढे जातं. एतिहादची २०११ ची डील १० वर्षं आणि ४० कोटी पाउंड अशी सगळीकडे छापून आली, त्यात शर्ट, स्टेडियम आणि आजूबाजूचा कॅम्पस सगळं. एतिहाद अबुधाबी सरकारची विमान कंपनी, क्लबचे मालक अबुधाबीच्या राजघराण्यातले. साहजिक बाकीचे क्लब ओरडले की हा भाव बाजारातला आहे की घरातला. प्रीमियर लीगनं २०२१ मध्ये न्यूकॅसल क्लब सौदी मालकांकडे गेल्यावर मालकांशी संबंधित कंपन्यांच्या डीलसाठी वेगळे नियमच आणले, भाव बाजाराला धरून आहे का ते तपासायचे, त्यावरूनही पुढे लीग आणि मँचेस्टर सिटी यांच्यात बरीच कायदेशीर लढाई झाली. स्टोकचं बेट३६५ स्टेडियम घ्या, नाव देणारी कंपनी आणि क्लबचे मालक एकाच कुटुंबातले. हे लपवलेलं काही नाही, पण अशा डीलचा आकडा दुसऱ्या क्लबच्या डीलशी तुलना करायला वापरू नका, काही अर्थ निघत नाही.

नव्या भिंतीवर नाव की जुन्या

नाव टिकणार का, लोक ते बोलणार का, हे जवळजवळ पूर्ण एका गोष्टीवर ठरतं, स्टेडियम जन्मलं तेव्हा ते नाव होतं का. आलियान्झ अरेना २००५ ला उघडलं ते त्याच नावानं, एमिरेट्सही तसंच, त्यामुळे कट्टर चाहताही ते सहज म्हणतो, दुसरं नाव माहीतच नाही. कंपनीला खरं मोल याचंच मिळतं. जुन्या मैदानावर नाव चिकटवायचं म्हटलं की खेळ बदलतो.

न्यूकॅसलचं प्रकरण प्रत्येकानं एकदा नीट वाचावं असं आहे. नोव्हेंबर २०११, मालक माइक ॲशली, सेंट जेम्स पार्क हे शंभरेक वर्षांचं नाव काढून स्पोर्ट्स डायरेक्ट अरेना. कंपनी ॲशलीचीच. क्लबचं म्हणणं काय, तर आम्ही खऱ्या स्पॉन्सरना दाखवतोय की इथे नाव लावता येतं. म्हणजे पैसे न घेताच नाव घालवलं. जुनी अक्षरं भिंतीवरून काढल्यावर कोणीतरी तिथेच हातानं सेंट जेम्स पार्क लिहून ठेवलं. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये वोंगा आली, पगाराआधी चढ्या व्याजानं कर्ज देणारी कंपनी, तिनं शर्टाबरोबर स्टेडियमच्या नावाचे हक्कही घेतले आणि पहिलं काम काय केलं तर जुनं नाव परत लावलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, सावकारी कंपनीला एका दिवसात शहराचा दुवा मिळाला, तोही मालकानं आधी नाव काढून घेतलं होतं म्हणून. वोंगा २०१८ ला बुडाली. नाव अजून सेंट जेम्स पार्कच आहे.

हॅम्बुर्गमध्ये हेच जरा सावकाश झालं. फोल्क्सपार्कस्टाडिओन, २००१ पासून एओएल अरेना, २००७ ला एचएसएच नॉर्डबँक अरेना, २०१० ला इमटेक अरेना. पंधरा वर्षांत तीन नावं, त्यातलं एक तरी लोकांच्या तोंडी बसलं असेल का? शेवटी उद्योगपती क्लाउस-मिषाएल क्यून यांनी हक्क विकत घेतले आणि जुलै २०१५ पासून जुनं नाव परत आलं. पुढच्याच महिन्यात इमटेकच्या जर्मन कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, थोडक्यात वाचले म्हणायचे. न्युरेनबर्गमध्ये २०१७ ला तर एका बँकेनं हक्क घेतले, चाहत्यांनी वर्गणी काढून हातभार लावला, आणि स्टेडियमला नाव दिलं माक्स मॉरलॉकचं, १९५४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जर्मनीचा पहिला गोल मारणारा त्यांचाच खेळाडू. त्याआधी तिथे कर्ज देणाऱ्या एका ब्रँडचं आणि मग टीव्हीच्या एका ब्रँडचं नाव लागून गेलं होतं. मला विचाराल तर बँकेनं केलेली ही सगळ्यात हुशार खरेदी, पाटीवर आपलं नाव नाही आणि तरी लोक कौतुक करतात.

हुशारीचा आणखी एक प्रकार म्हणजे जुनं शेपूट ठेवायचं. माद्रिदमध्ये आत्लेतिकोचं स्टेडियम २०१७ ला वांडा मेत्रोपोलितानो, २०२२ ला सिवितास मेत्रोपोलितानो, २०२४ ला रियाध एअर मेत्रोपोलितानो. पुढचा डबा बदलतो, लोक मेत्रोपोलितानो म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही. स्पॉटिफाय कॅम्प नोऊ हेही तसंच, तिथे २०२२ ला सभासदांच्या सभेत मंजुरी घ्यावी लागली कारण क्लबच सभासदांचा आहे. आणि साओ पावलोत तर कमाल, मोरुम्बी स्टेडियमला २०२४ मध्ये बिस नावाच्या चॉकलेटवाल्यांनी मोरुमबिस करून टाकलं, एक अक्षर वाढवलं बस. जुनं बोललात तरी अर्धी जाहिरात होतेच.

डॉर्टमुंड मात्र या सगळ्याला अपवाद वाटेल. वेस्टफालनस्टाडिओन १९७४ चं, २००५ च्या शेवटी सिग्नल इडुना पार्क झालं, चाहते चिडले पण फार नाही. त्याच वर्षी क्लब दिवाळखोरीच्या काठावरून परत आला होता. पैसा नेमका कशासाठी हवाय हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की ते पाटी सहन करतात, खासगीत जुनंच नाव म्हणतात आणि तेही चालतं.

नाव कुठे चालत नाही

कंपनीनं पैसे देऊन घेतलेलं नाव सगळीकडे लागतं असं अजिबात नाही. युएफा म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत साधारणपणे स्पॉन्सरचं नाव गळतं, म्हणून चॅम्पियन्स लीगच्या रात्री एमिरेट्सचं आर्सनल स्टेडियम होतं, एतिहादचं सिटी ऑफ मँचेस्टर स्टेडियम, डॉर्टमुंडचं बीव्हीबी स्टाडिओन, आयंडहोव्हनच्या फिलिप्स स्टाडिओनचं पीएसव्ही स्टाडिओन. वर्ल्ड कपला फिफा त्याहून कडक. २००६ ला आलियान्झ अरेना महिनाभर फिफा डब्ल्यूएम स्टाडिओन म्युनिक होतं. ब्राझीलमध्ये टीव्हीनंही नाव घेतलं नाही, पाल्मेरासच्या आलियान्झ पार्कला ग्लोबो चॅनल 'अरेना पाल्मेरास' म्हणायचं, कारण फुकट जाहिरात कशाला करायची! म्हणजे कंपनीनं पैसे दिले ते नावासाठी, आणि सगळ्यात जास्त लोक बघतात तिथेच ते नाव नाही. डील वाचताना हा प्रश्न ठेवाच, क्लब युरोपात नियमित खेळत असेल तर त्याच्या सगळ्यात मोठ्या रात्री या कंपनीला काय मिळतं. बहुतेक वेळा उत्तर असतं, बॉक्स, तिकिटं आणि पाहुणचार.

तिकीट काढणाऱ्यांसाठी इथे एक कामाची सूचना. नाव सर्च करून हॉटेल बुक करू नका, पत्ता बघा. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी फिफानं ठेवलेल्या नावांत मेटलाइफ झालं न्यू यॉर्क न्यू जर्सी स्टेडियम, ते न्यू जर्सीतल्या ईस्ट रदरफर्डमध्ये. जिलेट झालं बोस्टन स्टेडियम, ते आहे फॉक्सबरोला, बोस्टनच्या बाहेर चांगलंच लांब. लेव्हाइज झालं सॅन फ्रान्सिस्को बे एरिया स्टेडियम, ते सँता क्लारात. एटी अँड टी झालं डॅलस स्टेडियम, ते आर्लिंग्टनमध्ये. नाव सोनूबाई असा प्रकार आहे. स्पॉन्सरचं नाव निदान खोटं तरी बोलत नव्हतं, शहराचं नाव लावल्यावर माणूस चुकीच्या गावात खोली घेऊन बसतो.

बाहेर पडायचं दार

प्रेस रिलीजमध्ये '१५ वर्षांची भागीदारी' लिहिलेलं असतं, मधेच मोडता येते का हे लिहिलेलं नसतं. लॉस एंजेलिस एफसीचं स्टेडियम, २०१८ ला उघडलं, बँक ऑफ कॅलिफोर्नियाबरोबर १५ वर्षं आणि १० कोटी डॉलर. २०२० ला बँक डीलमधून बाहेर पडली, २०२३ ला बीएमओ ही दुसरी बँक आली. शेजारच्या कार्सनमध्ये गॅलेक्सी या दुसऱ्या क्लबचं स्टेडियम २००३ ला होम डेपो सेंटर, २०१३ ला स्टबहब सेंटर, २०१९ ला डिग्निटी हेल्थ स्पोर्ट्स पार्क. बोल्टननं रीबॉकपासून सुरुवात केली १९९७ ला, मग मॅक्रॉन, मग युनिव्हर्सिटी ऑफ बोल्टन, मग २०२३ ला टफशीट. प्रत्येक वेळी पाट्या, तिकिटं, वेबसाइट, रस्त्यावरचे बोर्ड बदलायचे, त्याचा खर्च कोणाच्या अंगावर हे करारात असतं आणि बातमीत नसतं.

तर विचारायचं काय: कंपनी विकली गेली किंवा बुडाली तर काय? क्लब खालच्या डिव्हिजनला घसरला तर रक्कम कमी होते का (बऱ्याचदा होते)? स्टेडियम दुरुस्तीसाठी बंद राहिलं तर त्या वर्षाचे पैसे मिळतात का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बार्सिलोनाची टीम २०२३ मध्ये काम काढल्यावर मोंजुइकला, शहरातल्याच दुसऱ्या स्टेडियमवर, खेळायला गेली ती २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच परतली, आणि कॅम्प नोऊवर नाव तर २०२२ लाच विकलं होतं.

उत्तरं शोधायची कुठे, तर बातमीत नाही. दोन पक्षांपैकी जो शेअर बाजारात लिस्टेड असेल त्याची कागदपत्रं उघडा, युव्हेंटस लिस्टेड आहे, डॉर्टमुंड आहे, कधी स्पॉन्सर बँक असते आणि मग तिच्या रिपोर्टमध्ये क्लबनं न सांगितलेलं सापडतं. इंग्लंडमधल्या क्लबचे वार्षिक हिशोब कंपनीज हाउस या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर फुकट मिळतात, त्यात कमर्शियल उत्पन्न आदल्या वर्षापेक्षा किती वाढलं ते बघा आणि जाहीर झालेल्या वार्षिक रकमेशी ताडून बघा. स्टेडियम कौन्सिलचं असेल तर सभेचे कागद वाचा, तिथे कंटाळवाण्या भाषेत फार मोलाच्या गोष्टी पडलेल्या असतात. यातलं काहीच सापडलं नाही आणि आकडा फक्त 'सूत्रांकडून' असेल, तर त्यावर तासभर भांडण्यात अर्थ नाही, एक हिशोब येईपर्यंत थांबा.

आणि विरोध करायचाच असेल तर डील व्हायच्या आधी करा, सभासद मतदान असेल तर तिथे, नसेल तर 'जुनं नाव मागे राहू द्या' एवढी एक मागणी घेऊन. पूर्ण डील थांबवणं अवघड आहे, पण नाव पुढे की मागे, युवा अकादमीला त्यातलं काही जाणार का, मुदत ५ वर्षं की १५, यावर क्लब ऐकून घ्यायला तयार असतात, कारण चाहत्यांनी न उच्चारलेलं नाव कंपनीलाही नकोच असतं. करार झाल्यावर उरतं ते एवढंच की मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायचं आणि त्याच्या वर्षभर आधीपासून क्लबला मेल टाकायला सुरुवात करायची.